डोंगरउतारावरच्या आंब्याला खत कसे द्यावे?

देवळाली कॅम्पहून त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या दिशेने गेले की सपाट शेती मागे पडते आणि डोंगरउतार सुरू होतात. महाराष्ट्र सरकारने १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. त्यानंतर राज्यात अशा वरकस जमिनीवरही आंब्याच्या बागा वाढल्या. मात्र उतारावर टाकलेले खत झाडाला मिळेलच याची खात्री नसते.

खत जाते कुठे?

या पट्ट्यात पाऊस जोराचा असतो. मातीचा थर उथळ आणि खाली मुरूम. युरिया पाण्यात लगेच विरघळतो, त्यामुळे वरवर फेकलेला युरिया एका मोठ्या सरीत ओहोळाला लागतो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहते. पण मातीच वाहून गेली तर तेही जाते. म्हणून खताआधी पाणी अडवावे लागते. त्यासाठी समपातळीत चर काढतात आणि प्रत्येक झाडाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालतात.

किती द्यायचे?

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार पहिल्या वर्षी प्रत्येक झाडाला १ घमेले शेणखत, ३०० ग्रॅम युरिया, ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. दरवर्षी तेवढीच वाढ करत दहाव्या वर्षी १० घमेली शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पोटॅश होते. पुढे हीच मात्रा कायम ठेवतात. माती परीक्षणानुसार त्यात बदल करता येतो.

कुठे आणि कधी?

अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्यापाशी कमी आणि फांद्यांच्या घेराखाली जास्त असतात. त्यामुळे घेराच्या कडेच्या थोडे आत सुमारे १५ सेंटिमीटर खोल चर काढून खत मातीआड करावे. तीव्र उतारावर हा चर झाडाच्या वरच्या बाजूला अर्धगोल काढला, तर पाण्याबरोबर उतरणारे अन्न मुळांकडेच येते. शेणखत पावसाच्या सुरुवातीला द्यावे. रासायनिक खत मुसळधार पावसात टाळून, उघडीप पाहून ओल असताना द्यावे. पावसाळा संपल्यावर जास्त नत्र दिले तर मोहोराऐवजी पालवी फुटण्याचा धोका असतो.

शेणखत वर न्यायचे कसे?

खरी अडचण ही आहे. १० बाय १० मीटरवर लावलेल्या एकरी ४० झाडांना ५० किलोप्रमाणे दिले, तरी २ टन शेणखत होते. रस्ता नसेल तर ते डोक्यावरून न्यावे लागते. म्हणून काही खत बागेतच तयार करणे परवडते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला आळ्यात टाकतात, तर मोकळ्या जागेत ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडतात. आंब्याचा पालापाचोळाही उपयोगी आहे. भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजताना तो जाळला जातो. तोच आळ्यात पसरला तर ओल टिकते, माती धरून राहते आणि पाला कुजून त्याचेच खत होते.