घोडा, चाप आणि गंज

जर्मन सैन्याचे ‘लूगर’सारखे जुने पिस्तूल बाळगणाऱ्याला त्याचा खिळा न् खिळा पाठ असतो. पण त्या भागांची नावे कुठकुठून भटकत आली, ही शोधाशोध वेगळी आणि तिला परवाना लागत नाही.

मुळात ‘शस्त्र परवाना’ हाच एक घोळ आहे. ‘शस्’ म्हणजे कापणे, म्हणून हातात धरून कापते ते शस्त्र. ‘अस्’ म्हणजे फेकणे, म्हणून फेकून मारतात ते अस्त्र. पिस्तुलाची गोळी तर फेकलीच जाते. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाने पिस्तुलाला ‘यंत्रमुक्त’ या खान्यात बसवले असते. कायद्याने व्युत्पत्तीची भीड न ठेवता त्याला शस्त्र केले आणि पुढे फारसी परवाना जोडला. फारसीत ‘परवाना’ ही सनद, आणि दिव्यावर झडप घालणारा पतंगही. दोहोंत नाते आहे की नुसता योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावे.

‘पिस्तूल’ आपल्याकडे पोर्तुगीज ‘पिस्तोला’वरून आलेले दिसते. युरोपात त्याच्या जन्मगावाबद्दल दोन पक्ष आहेत. एक इटलीतल्या पिस्तोया गावाकडे बोट दाखवतो. दुसरा म्हणतो, मूळ शब्द चेक भाषेतला ‘पीश्त्याला’, म्हणजे शीळ किंवा पावा. पंधराव्या शतकात बोहेमियातले हुसाइट सैनिक आपल्या हातबंदुकीला हेच म्हणत आणि तिथून शब्द जर्मनीत शिरला. मला हा दुसरा पक्ष पटतो. पाव्यावरून बंदुकीचे नाव पडण्यात आपल्याला तरी नवल वाटू नये. बंदुकीची ‘नळी’ आणि उंटाच्या पाठीवरची ‘सुतरनाळ’ या दोघी ‘नड’, म्हणजे बोरू, याच कुळातल्या असाव्यात. त्यातला ‘सुतर’ हा फारसी ‘शुतुर’, उंट.

‘काडतूस’ अलिबागकडच्या या किनाऱ्याच्या जुन्या ओळखीचे. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी चौलच्या खाडीमुखाशी, आजच्या रेवदंड्याला, किल्ल्याचा पाया घातला आणि १७४० पर्यंत मुक्काम ठोकला. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगिजातून निपजलेली बोली अजून जिवंत आहे. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. अशा शेजारात ‘कार्तूशु’चे ‘काडतूस’ व्हायला वेळ लागला नसावा. हा शब्द फ्रेंच ‘कार्तूश’मार्गे इटालियन ‘कार्तोच्चो’पर्यंत, म्हणजे कागदाच्या पुंगळीपर्यंत, मागे जातो. त्याही मागे ग्रीक ‘खार्तेस’ आहे, आणि अरबी ‘किर्तास’ त्याच घरचा. तेव्हा बार खरोखरच कागदात गुंडाळलेला असे, आणि नळीत ठासण्याआधी शिपाई ती पुडी दाताने फोडत. हिंदीने ‘कारतूस’ म्हणून ‘र’ जपला. मराठीने तो गिळून ‘ड’ बाहेर काढला, त्या वेळी ‘काडी’ आणि ‘कांडे’ कानात घुमत असावेत. आता काडतूस पितळेचे झाले, तरी नाव कागदाचेच राहिले.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. यावनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले, पण तोफ आणि बंदूक काही हटल्या नाहीत. तुर्की ‘तोप’ म्हणजे गोळा. अरबी ‘बुंदुक’ म्हणजे कठीण कवचाचे छोटे फळ, आणि त्याच आकाराची मारायची गोळी. म्हणजे जे उडते त्याचे नाव उडवणाऱ्याला मिळाले. ‘दारू’ची गंमत निराळीच. फारसीत ती औषध. मराठीत ती पेल्यातही गेली आणि नळीतही. आणि ‘गोळी’ अजून दोन्हीकडे चालते, वैद्याकडे आणि शिकाऱ्याकडे.

लूगर जर्मन भूदलाने १९०८ मध्ये स्वीकारले, म्हणून त्याचे सैनिकी नाव ‘पी ०८’. दुसरे नाव ‘पॅराबेलम’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘लढाईची तयारी कर’, आणि हा बनवणाऱ्या बर्लिनच्या कंपनीच्या तारेचा पत्ता होता. हेच नाव पुढे ९ मि.मी.च्या काडतुसाला चिकटले. आपल्याकडे तो बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. त्या पिस्तुलावर दोन शब्द कोरलेले आढळतात. ‘गेलाडेन’ म्हणजे भरलेले. हा ऐकून ‘लादणे’ आठवते, पण तो चकवा आहे. जर्मन शब्दाच्या आरंभी पूर्वी ‘ह’ होता, आणि ‘लादणे’ प्राकृतातून आलेले. दुसरा ‘गेझिशर्ट’, म्हणजे सुरक्षित केलेले. त्याच्या पोटात लॅटिन ‘से-कूरा’ आहे, अक्षरशः ‘चिंतेविना’. आपला ‘निश्चिंत’ त्याच साच्यातला, नाते मात्र नाही.

खरा गुंता घोड्याचा. ठासणीच्या बंदुकीत जो वर उचलायचा आणि जो आपटून ठिणगी पाडायचा, तो घोडा. फ्रेंच आणि पोर्तुगीज त्याला कुत्रा म्हणतात, जर्मन आणि इंग्रज कोंबडा. पोर्तुगीज ‘गातिल्यु’, म्हणजे बोटाने ओढायचा भाग, मांजराच्या कुळातला. आपण मात्र हल्ली ‘घोडा ओढला’ म्हणतो, तेव्हा बोट चापावर असते. लूगरला तर बाहेर घोडाच नाही. आतल्या आत सुई पुढे धावते आणि वरची सांधेदार कडी गुडघ्यासारखी दुमडते. घोडा दिसेनासा झाला तसे रिकामे नाव शेजारच्या चापाला मिळाले असावे. आणि ‘चाप’ तरी कुठला? संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. ‘चापणे’ म्हणजे दाबणे, हाही दावेदार. ‘खर्चाला चाप लावणे’ यात दाबच दिसतो, पण चापाचे वाकलेले रूप पाहिले की धनुष्य सोडवत नाही. ‘नेमबाज’ शब्दात ही सरमिसळ उघडी दिसते. ‘नेम’ संस्कृत ‘नियम’चा, ‘बाज’ फारसी. आज पनवेलच्या रेंजवर नेम धरणाऱ्या मुली दोन भाषा एका बोटाने दाबतात.

या किनाऱ्यावर सळईला तेलकट चिंधी गुंडाळून नळीतून फिरवली, की ती तपकिरी होऊन येते, कारण खारा वारा पेटीतही शिरतो. मराठीत याला तांब म्हणतात, त्यात ताम्र स्पष्ट आहे. दुसरा शब्द ‘गंज’. फारसीत गंज म्हणजे खजिना, त्याचा इथे मेळ बसत नाही. लोखंडावरच्या मळाला फारसीत ‘झंग’ म्हणतात, हिंदीत ‘जंग’. ‘मतलब’चे ‘मतबल’ आणि ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ करणाऱ्या जिभेने ‘जंग’चे ‘गंज’ केले असावे. पण फारसीत लढाईही जंगच, फक्त ‘ज’ वेगळा. हिंदीत नुक्ता सुटला की लढाई आणि मळ एकाच अक्षरांत राहतात. मराठीने वर्ण उलटवून दोघांना वेगळी घरे दिली. पॅराबेलमच्या नावात एका जंगची तयारी आहे. अलिबागेत ते बाळगणाऱ्याला मात्र सारी तयारी दुसऱ्याची करावी लागेल.