डॉक्टरांच्या खुर्चीशेजारचा लेखनिक

एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत १८७८ च्या सुमारास सर्जन जोसेफ बेल यांनी आपल्या ओपीडीसाठी एका विद्यार्थ्याला कारकून म्हणून निवडलं. रोग्यांना ओळीनं बसवायचं, प्रत्येकाची तक्रार थोडक्यात टिपून घ्यायची आणि एकेकाला आत न्यायचं, एवढंच त्याचं काम. एकदा साध्या कपड्यांतला एक माणूस आत आला. बेलनी त्याच्याकडे नजर टाकली आणि सांगून टाकलं : हा हायलँडच्या पलटणीत होता, हाताखाली माणसं होती, फौजेतून नुकताच सुटलाय आणि नेमणूक बार्बाडोसला होती. माणूस प्रत्येक गोष्टीला होकार देत गेला. मग बेलनी विद्यार्थ्यांना उलगडून सांगितलं. माणूस अदबीनं वागत होता, पण त्यानं टोपी काढली नाही. फौजेत ती काढत नाहीत, आणि सुटून फार दिवस झाले असते तर बाहेरची रीत एव्हाना अंगवळणी पडली असती. चेहऱ्यावर हुकमत होती. शिवाय त्याला झालेला हत्तीपाय हा स्कॉटलंडचा नव्हे, वेस्ट इंडीजचा आजार.

हे सगळं पाहणाऱ्या त्या कारकुनाचं नाव आर्थर कॉनन डॉईल. १८८७ साली त्यानं शेरलॉक होम्स वाचकांसमोर आणला आणि त्याचं श्रेय पुढे बेलना मोकळेपणानं दिलं.

डॉक्टरांच्या शेजारी बसून लिहिण्याच्या कामात जे काही कमावण्यासारखं आहे, ते डॉईलच्या या अनुभवात आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८९० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वैद्यकाचं शिक्षणच यावर उभारलं. त्यांच्या विद्यार्थ्यांना खाटा नेमून दिलेल्या असत. रोग्याची हकिकत विचारायची, तपासायचं, लिहून काढायचं आणि राउंडला सरांपुढे वाचून दाखवायचं. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत केसपेपर लिहिणारे इंटर्न आणि निवासी डॉक्टर याच परंपरेतले. रात्री दोन वाजता डिस्चार्ज कार्डं लिहून बोटं दुखली, तरी रोगी आणि लेखणी एकाच हातात असतात.

अमेरिकेत मात्र या दोन गोष्टींची फारकत झाली, आणि तिथे कारण शिक्षणाचं नव्हतं, बिलाचं होतं. १९९५ आणि १९९७ साली मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेनं नोंदींचे नियम घालून दिले. रोग्याला किती प्रश्न विचारले, किती अवयव तपासले, हे कागदावर दिसलं तरच त्या हिशेबानं पैसे मिळणार. सर्वाधिक घाई आपत्कालीन विभागात. तिथल्या डॉक्टरांना एवढं लिहिणं झेपेना. त्याच दशकात टेक्सासमध्ये फिजअसिस्टसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि वैद्यकीय प्रवेशाची आस धरून बसलेली पदवीची मुलं ‘मेडिकल स्क्राइब’ म्हणून कामाला लागली.

२००९ च्या कायद्यानं संगणकीय नोंदींसाठी अब्जावधी डॉलर ओतले आणि या धंद्याला भरती आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ डॉक्टरांच्या कामाची मोजणी होती : समोरासमोर रोग्यासाठी २७ टक्के वेळ, संगणक आणि टेबलावरच्या कामासाठी ४९ टक्के. स्क्राइबचा उपयोगही सिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पाच रुग्णालयांत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. स्क्राइब सोबत असताना डॉक्टर तासाला सुमारे १६ टक्के जास्त रोगी पाहू शकले.

या हिशेबात लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? पगार किमान वेतनाच्या आसपास, पाळ्या लांबलचक, रात्रपाळी ठरलेली. औषधाची ऑर्डर स्वतः घालायची नाही, असं रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २०१२ साली बजावलं. ते योग्यच होतं. तरीही मुलं रांगा लावत. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर कोणता प्रश्न आधी विचारतात आणि वाईट बातमी सांगताना स्टूल ओढून कसे बसतात, हे विशीच्या आत पाहायला मिळणं पगारापेक्षा मोलाचं होतं. प्रवेश मिळाला की मुलगा निघून जाई, आणि डॉक्टर नव्याला पुन्हा पहिल्यापासून तयार करी. २०१५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक रास्त आक्षेप आला : माणूस लावून काम भागतंय म्हटल्यावर वाईट सॉफ्टवेअर सुधारायची निकड कुणाला राहणार?

दुसरा लेखनिक तर रोग्यापासून हजारो मैलांवर होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरू, हैदराबाद, मुंबई, पुण्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या क्लासेसच्या पाट्या लागल्या. अमेरिकन डॉक्टर फोनवर बोलून ठेवी. इथे कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पाय दाबला की आवाज पुढे सरके, ऐकू आलं नाही की मागे घ्यायचं. हिशेब ओळीवर, ६५ अक्षरांची एक ओळ. ‘इलिअम’ ऐकू आलं तर ते लहान आतडं की कमरेचं हाड, हे पुढच्या-मागच्या वाक्यांवरून ठरवायचं. विज्ञानाच्या पदवीधरांना याने घरबसल्या नोकरी दिली, शरीरशास्त्र आणि औषधांची नावं तोंडपाठ करून दिली. पण डॉईलला जे दिसलं, ते यांना कधी दिसणार नव्हतं. समोर रोगी नव्हताच, आणि ज्याचा आवाज वर्षभर कानात होता त्या डॉक्टरला हे कोण, ठाऊक नव्हतं.

२०१२ साली सुरू झालेल्या ऑगमेडिक्सनं डॉक्टरांच्या डोळ्यांवर गुगल ग्लास चढवला आणि दूर बांगलादेशात, भारतात बसलेल्या स्क्राइबला निदान खोली दिसू लागली. ती सोयही फार टिकेल असं दिसत नाही. संभाषण ऐकून नोंद तयार करणारं सॉफ्टवेअर आता दवाखान्यांत शिरलं आहे. त्यात अग्रेसर असलेली न्युआन्स मायक्रोसॉफ्टनं २०२२ साली सुमारे २० अब्ज डॉलरला घेतली. डॉक्टरांची संध्याकाळ यामुळे मोकळी होत असेल तर त्याचं स्वागतच करायला हवं. मात्र यंत्रानं लिहिलेली नोंद सहीपूर्वी डॉक्टरांनी वाचायची असते, आणि वैद्यकाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांना त्या खोलीत बसायला दुसरं निमित्त अजून कुणी दिलेलं नाही.