बेलहेल्वीच्या पाद्र्याची बंदूक

जुन्या विलायती शिकारी बंदुका जमवणारा जाणकार नळीवरच्या नक्षीआधी घोड्याजवळचं यंत्र पाहतो. बंदुकीचं कूळ तिथंच कळतं. ठोक्यावर उडणाऱ्या बंदुकांच्या कुळाचा मूळपुरुष मी अलेक्झांडर जॉन फोर्साइथला मानतो. स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचा हा पाद्री.

त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. तेव्हाची बंदूक चकमकीची. घोड्यातली गार पोलादावर आपटे, ठिणगी बाहेरच्या खोलगट पेल्यातल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडे आणि तिचा जाळ नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत जाई. तेवढ्या क्षणात भडका पाहून पक्षी बुडी मारत. पावसात रंजक भिजली की बार फुकटच. फोर्साइथनं गारच काढून टाकली. ठोक्यानं पेटणारी पूड त्यानं अत्तराच्या कुपीसारख्या दिसणाऱ्या बंद भांड्यात भरली. कुपी फिरवली की चिमूटभर पूड खाली उतरे. ती परत जागेवर आणून चाप ओढायचा. भडका दिसणं थांबलं, बारही लवकर उडू लागला. 1807 साली त्यानं पेटंट घेतलं. लंडनच्या टॉवरमध्ये सैन्यासाठी चाललेले त्याचे प्रयोग मात्र सरकारनं गुंडाळले. ब्रिटिश सैन्यानं हे तत्त्व सरसकट स्वीकारेपर्यंत तीसेक वर्षं गेली. शिकाऱ्यांना ते केव्हाच पटलं होतं.

पुढे कुपी गेली, तशीच पूड भरलेली तांब्याची इवलीशी टोपी आली. पॅरिसच्या लफोशेनं 1830च्या दशकात बिजागरीवर नळी वाकवून मागून काडतूस भरायची सोय केली. 1875 साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे पेटीत दडवले. नळी वाकवली की ते आपोआप चढत. आजही अनेक दुनळी बाराबोर याच वळणाच्या असतात.

चकमकीच्या कितीतरी बंदुका मागाहून टोपीच्या करून घेतल्या गेल्या. म्हणून मूळ यंत्र शाबूत असलेली गंजकी बंदूक मला बदललेल्या चकचकीत बंदुकीहून मोलाची वाटते. कोकणात पिकाच्या राखणीला ठेवलेली ठासणीची, टोपीवर उडणारी बंदूक याच कुळातली. घरात परवान्याची अशी जुनी बंदूक असेल, तर तिला पॉलिश करू नका. नळीवरचे चाचणीचे ठसे आणि कारागिराचं नाव एकदा घासून गेलं, की परत मिळत नाही.