तेलाची पत

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी परदेशातून छत्रपती संभाजीनगरला घरी आला. येताना त्याने इटलीच्या शेवया, म्हणजे पास्ता, आणि ट्रफलच्या तेलाची एक इवलीशी बाटली आणली. "सर, दहा मिनिटांत जेवण," म्हणाला. मिठाच्या पाण्यात शेवया उकडल्या, निथळल्या, आणि चुलीवरून उतरवल्यावर चमचाभर तेल वरून सोडले. घरभर वास दरवळला. त्या ताटात मला इतिहासाचा एक धडा दिसला.

आधी शेवयांचे पाहू. मार्को पोलोने त्या चीनमधून इटलीत नेल्या, असे पुष्कळजण सांगतात. पण पोलो परतला १२९५ साली, आणि सिसिली बेटावरच्या त्राबिया गावी गव्हाच्या शेवया होतात व जहाजांतून दूरवर जातात, हे अल्-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ सालीच लिहून ठेवले होते. आपल्या दख्खनेत तर त्याही आधी, १०२५ च्या सुमारास, चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या चावुंडरायाने 'लोकोपकार' या कन्नड ग्रंथात शेवयांची कृती आणि साचा नोंदवला. पास्ता ज्या कठीण दाण्याच्या ड्युरम गव्हाचा होतो, त्याच जातीचा आपला बन्सी गहू. तेव्हा उन्हाळ्यात पाटावर शेवया वळणारी आपली मावशी आणि सिसिलीतली ती बाई, दोघी एकाच कसबाच्या म्हणायच्या!

आता तेल. ट्रफल हे झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारे एक भूछत्र. शिकवलेली कुत्री ते वासावरून हुडकून काढतात. त्याचे काही घाण्यात तेल निघत नाही; ऑलिव्हच्या तेलात त्याचा वास उतरवावा लागतो. ट्रफल महाग आणि त्याचा वास उडून जाणारा. म्हणून बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत प्रयोगशाळेत बनवलेले २,४-डायथायापेंटेन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. आम्ही भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. ट्रफलचा तुकडाही नव्हता, होते ते नुसते सुगंधी द्रव्य. पोराचा चेहरा उतरला.

पण त्याला हसण्याआधी आपण आपला डबा उघडून पाहावा. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या कडेने करडई पेरण्याची चाल होती. काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत, आणि घरचे तेलही होई. माझी आजी घाण्यावरचे तेल तळहातावर चोळून हुंगायची आणि मगच भांडे पुढे करायची. पुढे रिफाइंडचे डबे आले. ते तेल वाईट असे मी म्हणत नाही. पण त्याचा वास मुद्दाम काढलेला असतो. त्या बाटलीत वास घातलेला, या डब्यात काढलेला. दोन्हीकडे आपले नाक कामातून गेले, बरं का! मग उरतो तो विकणाऱ्यावरचा विश्वास. तो मोडला की काय होते, ते १९९८ साली दिल्लीत दिसले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेले आणि साठांहून अधिक माणसे दगावली.

हा विश्वास एके काळी केवढा होता, ते नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. ठेवली कुणाकडे? गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे, आणि त्यांत एक श्रेणी होती तेल्यांची. ज्याच्या तेलाची खात्री, त्याच्याकडे पैशाचीही खात्री, असा तो हिशेब.

गुरुजनांनी वर्गात एकदा करून पाहावे. दोन वाट्यांत घाण्याचे आणि डब्यातले तेल ठेवून मुलांना डोळे मिटून हुंगायला सांगावे. घरी तर फार सोपे आहे. बन्सीच्या शेवया मिठाच्या पाण्यात उकडून निथळाव्यात, वर लसणाची चटणी घालावी, आणि विस्तवावरून उतरवल्यावरच घाण्याचे करडईचे तेल सोडावे. आधी घातले तर वास आचेनेच उडून जातो.

मात्र तेल आणताना, ते कुणी गाळले, एवढे विचारायला विसरू नये.