दोन्ही ट्रॉफ्या जिंकल्या, मग मॅच कोणाशी?

आजचा एपिसोड भारतात आता होत नसलेल्या एका मॅचबद्दल आहे. सुपर कप.

"थांब भाऊ, सुपर कप तर होतो ना?" होतो, पण तो वेगळा. २०१८ पासून आपण जो बघतो, ती बऱ्याच टीम्सची स्पर्धा आहे. जुना सुपर कप १९९७ ला सुरू झाला आणि २०११ ला शेवटचा झाला. नियम सोपा होता: एक टीम लीग जिंकलेली, दुसरी फेडरेशन कप जिंकलेली, आणि दोघींमध्ये एकच मॅच. सीझनभर टिकून राहणारा भारी, की ऐन वेळी बाजी मारणारा? ९० मिनिटांत काय ते ठरवा.

आम्ही कोडिंगवाले असा नियम बघितला की लगेच विचारतो: दोन्ही ट्रॉफ्या एकाच टीमने नेल्या तर? इंग्लंडमध्ये हा प्रश्न १९६१ लाच आला. टॉटनहॅमने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. तेव्हा चॅरिटी शील्डसाठी त्यांच्यासमोर चक्क फुटबॉल असोसिएशनने निवडलेले अकरा जण उभे केले.

आपल्याकडे हा पेच एका मराठी शहराच्या टीममुळे आला. मुंबईची महिंद्रा युनायटेड. कंपनीची टीम, म्हणून टोपणनाव 'जीपमेन'. २००३ मध्ये लीग ईस्ट बंगालकडे होती आणि फेडरेशन कप महिंद्राकडे. त्या वर्षी सुपर कपही महिंद्राने नेला. पुढे डेरिक परेरा कोच असताना त्यांनी २००५ चा फेडरेशन कप जिंकला, आणि पाठोपाठ २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीगसुद्धा. १९९६ ते २००७ चाललेली ही लीग जिंकणारी मुंबईची ती एकमेव टीम.

आता सुपर कपला समोर कोण? लीगमध्ये दुसरी आलेली ईस्ट बंगाल. आणि जिंकलं कोण? ईस्ट बंगाल! दोन्ही ट्रॉफ्या घरात असलेली टीम त्या एका मॅचमध्ये हरली.

इथपर्यंत फुटबॉल झाला. खरी गोष्ट पुढे आहे.

२०१० मध्ये महिंद्राने टीम बंद केली. टीम काही रसातळाला गेली नव्हती, २००८ ला तर ड्युरँड कप जिंकला होता. कंपनीने सांगितलं, आता लहान मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देणार. हेतू चांगलाच, पण क्लब गेला. पुढच्याच वर्षी पंजाबच्या जेसीटीनेही टीम बंद केली. पहिली नॅशनल लीग जिंकलेली टीम होती ती!

ईस्ट बंगालची स्थापना १९२० ची. त्यांच्याकडेही पैशाची ओढाताण झाली, स्पॉन्सर आले नि गेले. पण क्लब सभासदांचा आहे आणि त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे लोक आहेत. तो बंद करायचा म्हटलं तर रस्त्यावर माणसं उतरतील. महिंद्राकडे पैसा होता, चांगला कोच होता, ट्रॉफ्या होत्या. पण "ही टीम आमची आहे" म्हणून अडून बसणारी गर्दी नव्हती. माझ्या मते २००६ च्या त्या मॅचमधला खरा फरक हा होता, आणि तो स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

२०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड आणि आयएसएल ट्रॉफी एकाच सीझनला जिंकली. शहर तेच, पराक्रमही जवळपास तोच. म्हणून प्रश्नही तोच: मालकाने उद्या हात काढून घेतला, तर मागे कोण उभं राहील?

आणि हा प्रश्न फक्त मुंबईचा नाही बरं. आपल्या कामठीत रब्बानी क्लब आहे. नागपुरातूनच स्लम सॉकर उभं राहिलं. रात्री जागून युरोपची मॅच बघणारे आपण, इथल्या ग्राउंडवर शेवटचे कधी गेलो होतो? ट्रॉफी खेळाडू जिंकतात हो, पण क्लब टिकवतात ते बघायला येणारे.

तुमच्या घरात कोणी कूपरेजवर जीपमेनना खेळताना बघितलंय का? त्यांच्या आवाजात आठवण रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. ट्रॉफ्या कंपनीच्या कपाटात राहतील, पण त्या टीमची गोष्ट आपण जपू शकतो.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!