मालवणचे घुर्ये, आंबडव्याचे बाबासाहेब आणि कुटुंबाचा अभ्यास

मालवण-कुडाळकडच्या कॉलेजात समाजशास्त्र घेतलेल्या आपल्या पोरांना घुर्ये सांगावे लागत नाहीत. गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म मालवण, १८९३. आपल्या किनाऱ्याचा माणूस भारतीय समाजशास्त्राचा जनक म्हणून ओळखला जातो, याचा अभिमान वाटतो. वाटू द्या. पण त्याच तासाला दुसरे एक नाव निघते का, हे विचारा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी मालवण आणि मंडणगड तालुक्यातले आंबडवे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. आंबडवे म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. घुर्ये १९२४ साली त्याचे प्रमुख झाले. बाबासाहेबांनी मात्र ९ मे १९१६ रोजीच कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला होता. वय पंचवीस. निबंध जातीवरचा म्हणून ओळखला जातो, पण खरे तर तो घरावरचा आणि लग्नावरचा आहे.

मांडणी अगदी हिशेबी आहे. जातीतल्या जातीतच लग्ने लावायची तर बाया आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई जादा उरते. ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या कुणा मुलीचा जोडीदार घेईल, ही भीती. म्हणून तिला चितेवर जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेलेला पुरुषही जादाच असतो, पण त्याला जाळणार कोण? त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेली पोर आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचे मूळ बाबासाहेबांनी असे एका ठिकाणी दाखवले. जात देवळात आणि पाणवठ्यावर दिसते, पण ती तयार होते माजघरात.

घुर्यांचे 'कास्ट अँड रेस इन इंडिया' १९३२ साली आले. त्यात जातीची सहा लक्षणे आहेत आणि विवाहबंधन हे त्यातले सहावे. परीक्षेला आपण ती सहाही घडाघडा लिहितो. बाबासाहेबांनी जे सगळ्याच्या मुळाशी ठेवले, ते इथे यादीच्या शेवटी आहे!

घुर्यांच्या शाळेने काम मोठे केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. एम. एन. श्रीनिवास यांचे म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंबावरचे पुस्तक १९४२ चे, इरावती कर्वे यांचे भारतातील आप्तसंबंधांवरचे १९५३ चे. दोघेही घुर्यांचे विद्यार्थी. श्रीनिवास यांचे 'संस्कृतीकरण' १९५२ चे. खालच्या जाती वरच्यांचे अनुकरण करतात, हे बाबासाहेबांनी गॅब्रिएल तार्दचा आधार घेऊन छत्तीस वर्षे आधीच मांडले होते. पारिभाषिक शब्द मात्र श्रीनिवासांच्या नावावर राहिला.

आणि आपले घर? 'एकत्र की विभक्त' या चौकटीत बाप मुंबईला चाकरमानी, आई वाडीत पोरे सांभाळणारी, हे कुटुंब कुठे बसवायचे? कोकणातल्या अशा घरांबद्दल उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) जितके कळते, तितके मला माझ्या एम.ए.च्या नोट्समध्ये सापडले नाही.

यंदा ज्यांना प्रोजेक्ट करायचा आहे त्यांनी एक करावे. आपल्या वाडीतली तीन पिढ्यांची लग्ने लिहून काढावीत : सून कुठल्या गावची, स्थळ कुणी आणले, १९५६ नंतर काय बदलले, पोटजात अजून विचारतात का. शेवटचा प्रश्न आपल्याच घरात विचारायचा आहे, तेव्हा आजीला आधी चहा द्या.