काडीपेटीमागच्या बाया

मैत्रिणींनो, चूल पेटवायला आपण रोज काडी ओढतो. पण फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो बरं का, तो असतो पेटीच्या कडेला, तांबडा, बिनविषारी. पूर्वी गुलातच पांढरा फॉस्फरस असे. त्याच्या वाफेनं काड्या बनवणाऱ्या बायकांचे जबडे सडत. वर बोललं तरी दंड! जुलै १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १४०० बाया-पोरी काम टाकून बाहेर पडल्या. त्यांचे हाल अ‍ॅनी बेझंट यांनी आधीच छापून आणले होते. (याच बाई १९१७ साली आपल्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.) दोनेक आठवड्यांत मालक नमले, दंड सुटले, बायांची संघटना उभी राहिली. पांढऱ्या फॉस्फरसवर ब्रिटनमध्ये बंदी यायला मात्र १९१० उजाडलं. तांबडा तेव्हाही मिळत होता. पण तो महाग पडे.